ए+ रक्तगट, ४५/२/१ चा सातबारा आणि यूआरएल एन्कोडिंगची टेस्टिंग

तू विचारलंयस की लीडने यूआरएल एन्कोडिंग-डिकोडिंगची (लिंकमधे तसं न चालणारं कॅरेक्टर % च्या कोडमधे बदलायचं आणि परत मूळचं करायचं) टेस्टिंग तुझ्याकडे दिली, तू सर्चमधे स्पेस टाकून बघितली, & टाकून बघितला, मग एक टेस्ट लिहिलीस की एन्कोड करून परत डिकोड केलं की मूळचं येतंय का, सगळं हिरवं आलं, आणि आता लीड म्हणतोय "एवढंच?" आणि तुला सुचत नाहीये की अजून काय करायचं. तुझ्या जागी मी पण एवढंच केलं असतं, खरं तर केलंच होतं. सतरा वर्षं झाली मला टेस्टिंगमधे, आधी औंधला मग हिंजवडीला, आणि या एका विषयाने मला जितक्या वेळा तोंडावर पाडलंय तितकं दुसऱ्या कशाने नाही. तू जॉईन होऊन आठच महिने झालेत असं लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणतेय, चालेल ना.

एक आधी सांगते, इथे मी सगळं देवनागरीतच टाइप करणारे, म्हणजे कोड पण %२०, %२एफ, %ई० असे. त्यातले आकडे आणि ए ते एफ अक्षरं तू मनात इंग्रजी करून वाच. यात पण एक गंमत आहे, ती नंतर.

तर ती हिरवी टेस्ट. याला राउंड ट्रिप म्हणतात आणि ती म्हणजे शेजारी बसून एकमेकांची कॉपी केलेल्या दोन पोरांचे पेपर एकमेकांशी ताडून बघण्यासारखं आहे, जुळणारच ना ते. एन्कोडरने स्पेसचा + केला, डिकोडरने + ची स्पेस केली, पास. एन्कोडरने काहीच केलं नाही आणि डिकोडरने पण काहीच केलं नाही, तरी पास! दोघांनी दोन-दोनदा केलं तरी पास. आणि तुझा एन्कोडर प्रत्यक्षात बोलतो कोणाशी, तर ब्राउझरशी, मधल्या प्रॉक्सीशी (रिक्वेस्ट पुढे पोचवणारा सर्व्हर), दुसऱ्या टीमच्या सर्व्हिसशी, ज्यांनी तुझा डिकोडर जन्मात बघितलेला नाही. म्हणून एन्कोडर वेगळा तपासायचा, डिकोडर वेगळा तपासायचा आणि दोन्हीकडे अपेक्षित उत्तर आपण हाताने लिहिलेलं पाहिजे, त्याच कोडमधून काढून पेस्ट केलेलं नाही.

हाताने म्हणजे खरंच कागद पेन घेऊन, एकदा तरी. "पुणे" घे. दिसायला दोन अक्षरं, पण युनिकोडच्या हिशोबात चार: प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ मधे (युनिकोडची चिन्हं बाइटमधे लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि एक बाइट यूआरएलमधे गेला की त्याचे तीन कॅरेक्टर होतात, टक्क्याचं चिन्ह आणि दोन हेक्स आकडे (सोळाच्या पायाचे, ० ते ९ आणि ए ते एफ). म्हणजे चार गुणिले नऊ, छत्तीस. लिहिलं तर %ई०%ए४%एए%ई०%ए५%८१%ई०%ए४%ए३%ई०%ए५%८७ असं होतं. हे एकदा केलंस की पुढे लॉगमधे %ई०%ए४ किंवा %ई०%ए५ ची माळ दिसली की लगेच कळतं, देवनागरी नीट चाललीये. आणि त्याऐवजी %यू०९२ए असलं काही दिसलं तर कोणीतरी जावास्क्रिप्टचं जुनं एस्केप नावाचं फंक्शन वापरलंय, ते यूआरएलच्या कुठल्याच स्टँडर्डमधे बसत नाही, तिथेच बग टाक.

नियम काय आहे तो मूळातून एकदा वाच, आरएफसी ३९८६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज), जानेवारी २००५ चा, बर्नर्स-ली, फील्डिंग आणि मॅसिंटर यांनी लिहिलेला. कंटाळवाणा आहे पण तुला लागणारा भाग चार-पाच पानांचाच आहे. त्यात फक्त ६६ कॅरेक्टर अशी आहेत ज्यांना कधीच हात लावायची गरज नाही: इंग्रजी मोठी-छोटी अक्षरं, दहा आकडे, आणि चार चिन्हं: हायफन, टिंब, अंडरस्कोअर, टिल्डा. बाकी / ? # & = + असल्यांना यूआरएलमधे स्वतःचं काम आहे, म्हणजे ते कुठे आलेत त्यावर त्यांचा अर्थ ठरतो. आणि सगळी भानगड इथेच आहे, की "हे कॅरेक्टर एन्कोड करायचं का" याचं उत्तर "कुठल्या भागात?" असा उलटा प्रश्न आहे.

+ चं घे. मागे एका गणेश मंडळाच्या रक्तदान शिबिरासाठी आम्ही चार जणांनी फुकटात एक छोटं अ‍ॅप करून दिलं होतं, दात्यांची यादी, गट निवडा, नावं दिसतील. टेस्टिंग अर्थातच माझ्याकडे. माझा स्वतःचा गट ओ निगेटिव्ह, मी दर वेळी तोच टाकून बघायचे, छान चालायचं. शिबिराच्या आदल्या रात्री एका कार्यकर्त्याने ए पॉझिटिव्ह शोधला तर यादीत एबी निगेटिव्हवाले काका पण दिसले! झालं असं की लिंकमधे ए+ तसाच जात होता, सर्व्हरने + ची स्पेस केली, कोणीतरी ट्रिम केलं, उरला नुसता ए, आणि डेटाबेसमधे "ए ने सुरू होणारे" असा लाइक लावलेला, त्यामुळे ए+, ए-, एबी+, एबी- सगळी फौज हजर. आणि उणे चिन्ह हे त्या ६६ मधलं असल्यामुळे माझ्या ओ निगेटिव्हला कधीच काही होणार नव्हतं. डेव्हलपर म्हणे मी एन्कोड केलंय. केलं होतंच त्याने, पण एन्कोडयूआरआयने, आणि ते फंक्शन अख्ख्या पत्त्यासाठी आहे, + & = / ? # या सगळ्यांना ते हात लावत नाही. एका किमतीसाठी एन्कोडयूआरआयकंपोनंट पाहिजे, त्यातून %२बी निघतो. दहा मिनिटांची दुरुस्ती. पण ती यादी छापून कोणी रात्री दोन वाजता दात्याला फोन केला असता तर, असा विचार करून मला आजही कसंतरी होतं.

त्या + ची स्पेस होणं हा मूळ यूआरएलचा नियमच नाही, तो एचटीएमएल फॉर्मचा नियम आहे. क्वेरीत (लिंकमधला ? च्या पुढचा भाग) आणि फॉर्मच्या बॉडीत चालतो, पाथमधे (? च्या आधीचा स्लॅशवाला भाग) नाही. पाथमधला + म्हणजे +. म्हणून तुझी टेस्ट जोडीने पाहिजे: तोच + क्वेरीत टाक आणि पाथमधे टाक, %२० पण दोन्हीकडे टाक, चार उत्तरं लिहून ठेव. जावाचा यूआरएलएन्कोडर नावाने फसवतो, तो खरं तर फॉर्मवाला एन्कोडर आहे, स्पेसचा + करतो, आणि तो वापरून कोणी फाइलचं नाव पाथमधे टाकलं की डाऊनलोडची लिंक "पाणीपट्टी+पावती" शोधत बसते आणि डिस्कवर असते "पाणीपट्टी पावती". पीएचपीत यूआरएलएन्कोड + देतो, रॉयूआरएलएन्कोड %२० देतो. पायथनचा कोट %२० देतो पण स्लॅशला डीफॉल्टने सोडून देतो, कोट_प्लस स्लॅशला सोडत नाही पण स्पेसचा + करतो. जावास्क्रिप्टमधे एन्कोडयूआरआयकंपोनंट %२० देतो आणि त्याच ब्राउझरमधला यूआरएलसर्चपॅरम्स + देतो. उलट दिशेला, डिकोडयूआरआयकंपोनंट + ला हात लावत नाही, म्हणून स्क्रीनवर "पुणे+स्टेशन" असं दिसलं की कोण दोषी ते तिथेच कळतं. हे पाठ करायची गरज नाही, तुमच्या प्रोजेक्टमधे कुठकुठली फंक्शनं वापरलीत ते ग्रेप करून (कोडमधे शोधून) काढ आणि प्रत्येकाला तीच वीस-पंचवीस इनपुट देऊन एक तक्ता कर. मी नवीन प्रोजेक्टवर पहिल्या आठवड्यात हेच करते, आणि दर वेळी निदान दोन टीम एकमेकांशी वेगळं बोलत असतात.

आता तो सातबारा. हे जरा लांबण लावून सांगणार आहे कारण यात बाकी सगळं आलं.

जमिनीच्या कागदपत्रांचं एक अ‍ॅप होतं, गाव निवडा, सर्व्हे नंबर टाका, कागद दिसतील. लिंकमधे सर्व्हे नंबर पाथमधे यायचा. माझ्या टेस्ट डेटात ४५, ४६, ४७ असे गोंडस नंबर. पण आपल्याकडे जमिनीच्या वाटण्या झाल्या की गट राहतो का सलग? ४५/२ होतो, मग भावाभावांत अजून वाटणी, ४५/२/१. लाईव्ह गेल्यावर पहिल्याच दिवशी तक्रारी, की काही जणांचे कागद दिसतात आणि काहींचे नाही, आणि ज्यांचे दिसत नाहीत ते सगळे वाटणीवाले. डेव्हलपरच्या मशीनवर व्यवस्थित चालतंय. स्टेजिंगवर (लाईव्हच्या आधीचा टेस्टिंगचा सर्व्हर) पण चालतंय. फक्त प्रॉडक्शनला, म्हणजे लाईव्हला, ४०४ (पान सापडलं नाही).

फ्रंटएंड बरोबर होता, तो ४५%२एफ२%२एफ१ पाठवत होता. मागे नोडचा एक्सप्रेस (सर्व्हरचं फ्रेमवर्क) होता, तो आधी राउट (पत्त्याचा ठरलेला साचा) जुळवतो आणि मग तुकडा डिकोड करतो, त्यामुळे तो पण बरोबर. मधे प्रॉक्सी म्हणून एन्जिनएक्स. आणि एन्जिनएक्सच्या प्रॉक्सी_पास ओळीत शेवटी नुसता एक स्लॅश जरी असला तरी तो पाथ आधी डिकोड करून, नीटनेटका करून मग पुढे देतो, स्लॅश नसेल तर आलाय तसा पुढे देतो. स्टेजिंगच्या कॉन्फिगमधे स्लॅश नव्हता, प्रॉडक्शनच्या होता. म्हणजे प्रॉडक्शनला एक्सप्रेसकडे पोचताना त्याचं ४५/२/१ झालेलं, असा राउटच नाही, ४०४. एक स्लॅश! रात्री साडेअकराला दोन फाइलींचा डिफ काढला तेव्हा दिसला, आणि तोपर्यंत आम्ही डेटाबेस, कॅश, जिल्ह्याचं नाव, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. तुमच्याकडे एन्जिनएक्सऐवजी अपाचे असेल तर तो डीफॉल्टने %२एफ असलेला पाथ स्वतःच ४०४ करून टाकतो, टॉमकॅट ४०० (चुकीची रिक्वेस्ट) देतो, आणि या दोन्हीत रिक्वेस्ट तुमच्या अ‍ॅपपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे अ‍ॅपच्या लॉगमधे कितीही डोळे फोडलेस तरी काहीही दिसणार नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. घाईत कोणीतरी (नाव कशाला, आता तो माझा मित्र आहे) असा उपाय काढला की फ्रंटएंडला दोनदा एन्कोड करू आणि बॅकएंडला दोनदा डिकोड करू. म्हणजे %२एफ चा टक्का पुन्हा एन्कोड होऊन %२५२एफ. मधला एन्जिनएक्स एकदा डिकोड करतो आणि पुढे देताना टक्क्याला परत %२५ करतो, त्यामुळे ते सुखरूप पोचतं. चाललं! माझी राउंड ट्रिप हिरवी, सगळे झोपायला गेले. आठवड्याने कळलं की एसएमएसमधून जी लिंक जाते ती दुसरीच टीम बनवते, आणि ती बिचारी नियमाप्रमाणे एकदाच एन्कोड करते, म्हणजे शेतात उभा राहून मोबाइलवर लिंक उघडणाऱ्याला तोच ४०४. शेवटी काय केलं, तर सर्व्हे नंबर पाथमधून काढून क्वेरीत टाकला. क्वेरीत स्लॅश तसाच आला तरी नियमात बसतो आणि एन्जिनएक्स क्वेरीला हात लावत नाही. लोकांनी टाइप केलेलं काही पाथमधे ठेवू नका हे मी तेव्हापासून डिझाइनच्या मीटिंगमधेच ओरडून सांगते, लोक वैतागतात, वैतागू देत.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. मी आधी कागदावर वाट काढते: ब्राउझर, सीडीएन (फाइली जवळून देणारे मधले सर्व्हर) असेल तर सीडीएन, प्रॉक्सी, फ्रेमवर्क, आपला कोड. प्रत्येकाच्या खाली लिहिते की हा एन्कोड करतो का, डिकोड करतो का, की तसंच पुढे ढकलतो. आणि मग एकच प्रश्न, की एका थराने एकदा गुंडाळलेलं नेमकं एकदाच आणि योग्य माणसाकडूनच उघडलं जातंय ना. फ्रेमवर्कने आधीच डिकोड करून दिलेल्या किमतीवर डेव्हलपर पुन्हा "सेफ असावं म्हणून" डिकोड लावतो, हा तर इतका कॉमन बग आहे की मी कोड रिव्ह्यूत नुसतं डिकोड शब्दावर सर्च मारते.

हे पकडायला भारी टूल लागत नाही. सर्च बॉक्समधे शब्दशः %२० टाइप कर, म्हणजे टक्का, दोन, शून्य अशी तीन कॅरेक्टर. लिंकमधे ते %२५२० झालं पाहिजे आणि रिझल्टच्या पानावर "तुम्ही शोधलंत: %२०" असंच परत दिसलं पाहिजे. तिथे रिकामी जागा दिसली तर कुठेतरी जास्तीचं डिकोड होतंय, आणि %२५२० दिसलं तर एक कमी पडलंय. मला कोणी म्हटलं की तुला एकच टेस्ट करायला मिळेल, तर मी हीच करीन. दुसरी तिचीच बहीण, "१००% शुद्ध तूप". टक्क्यानंतर स्पेस आहे, हेक्स आकडे नाहीत, त्यामुळे जास्तीचं डिकोड असेल तर काही डिकोडर एरर फेकतात, काही गप्प तसंच ठेवतात, काही पुढची दोन कॅरेक्टर गिळतात. दिवाळीच्या ऑफरच्या आठवड्यात ५०% सूट वाली कॅम्पेनची लिंक तुटते ती यामुळेच.

दोनदा एन्कोड म्हणजे नेहमी चूकच असंही समजू नको हं. लॉगिननंतर परत कुठे जायचं ती लिंक जेव्हा दुसऱ्या लिंकच्या पोटात जाते, तेव्हा आतल्या लिंकमधला %२० बाहेर %२५२० दिसणं हेच बरोबर आहे. कारण तिथे डबा एकात एक आहे, प्रत्येक डब्याचं झाकण एकेकदाच उघडायचं. तिथली टेस्ट अशी कर की आतल्या लिंकला दोन पॅरामीटर ठेव, मधे &. लॉगिन करून परत आल्यावर दुसरा पॅरामीटर गायब असेल तर आतला & बाहेरच्याने खाल्ला. यूपीआयच्या लिंकमधे पण हेच, दुकानाचं नाव "अमुक & सन्स" असेल आणि नीट एन्कोड केलं नसेल तर पैसे भरणाऱ्याला नुसतं "अमुक" दिसतं.

# ला विसरू नको, तो तर सर्व्हरपर्यंत जातच नाही, त्याच्यापुढचं सगळं ब्राउझर स्वतःकडेच ठेवतो. नोकरीच्या एका साइटवर आमच्या ज्युनियरने एक झकास टेस्ट लिहिली होती, सी, सी++ आणि सी# असे तीन सर्च, आणि तिन्हीचे रिझल्ट वेगवेगळे आले पाहिजेत. तिन्ही एकसारखे आले होते, कारण सर्व्हरला तिन्ही वेळा सीच दिसत होता. त्या एका टेस्टवर तिला मी दुर्गाची कॉफी पाजली होती.

आता आपली मराठी. बाहेरच्या टेस्ट सूट आणल्यास तर त्यात जर्मन, चिनी, इमोजी सगळं असतं, आपल्या खोड्या त्यात नसतात. नऱ्हे घे, कात्रजजवळचं. हा "ऱ्ह" तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ चं स्वतःचं वेगळं चिन्ह आणि हलंत. दोन, साधा र, त्याला खाली नुक्ता आणि हलंत. तीन, साधा र, हलंत आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही डिट्टो सारखे दिसतात. यूआरएलमधे पहिला ४५ कॅरेक्टरचा, बाकीचे दोन ५४ चे, आणि एकाने साठवलं, दुसऱ्याने शोधलं की "रिझल्ट सापडले नाहीत". एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच चिन्ह वेगवेगळं लिहिलं तर एका रूपात आणायची युनिकोडची पद्धत) लावलं तर दुसऱ्याचा पहिला होतो, पण तिसऱ्याचा होत नाही, तो तुम्हाला स्वतःच्या कोडने सांभाळावा लागतो. आणि त्यात कोणी शहाण्याने "अदृश्य कॅरेक्टर काढून टाका" असा फिल्टर लावला असेल तर %ई२%८०%८डी उडतं आणि पाटीवर "नर्हे" छापून येतं, रफार डोक्यावर बसलेला. मराठी माणूस एसएमएसमधे ते बघून काय म्हणेल ते सांगायला नको, पुण्यात तर नकोच.

तसंच ॲ. याला युनिकोडमधे स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ आवृत्तीत मिळाली, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहितात, अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच लिहितात, आणि या दोघांना कुठलंही नॉर्मलायझेशन एक मानत नाही. मी वर या उत्तरातच "अ‍ॅप" एका पद्धतीने लिहिलंय आणि इथे "ॲ" दुसऱ्या, कॉपी करून एन्कोड करून बघ. हे एन्कोडिंगचे बग नाहीत असं डेव्हलपर म्हणेल, आणि तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे, पण तक्रार येते ती "लिंक चालत नाही" म्हणूनच, आणि येते ती टेस्टिंगच्या नावाने.

लांबीचं पण बघ. डेटाबेसमधे एन्कोड केलेली किंमत २५५ च्या कॉलममधे ठेवली असेल तर हिशोब कर: एका चिन्हाला ९, म्हणजे २८ चिन्हांचे २५२ झाले, उरले तीन. त्या तीनमधे एकोणतिसाव्या चिन्हाचा पहिलाच बाइट बसतो, %ई०, आणि बाकीचे दोन कापले जातात. शेवटी लोंबकळणारा तो एकटा %ई० मग डिकोडरची परीक्षा घेतो. जावास्क्रिप्टचा डिकोडयूआरआयकंपोनंट सरळ एरर फेकतो, पायथनचा अनकोट डीफॉल्टने गपचूप त्या जागी प्रश्नचिन्हवाला काळा चौकोन टाकून पुढे जातो. "सोसायटीचं नाव" या फील्डमधे २८ चिन्हं किती पटकन भरतात बघ, "सहकारी गृहरचना संस्था मर्यादित" एवढं लिहिलं की संपलं, मूळ नाव अजून यायचंय. इंग्रजीतून टेस्ट करणाऱ्याला हा बग आयुष्यात सापडणार नाही कारण त्याला २५५ अक्षरं मिळतात.

डिकोडरला मुद्दाम घाण खायला घालायची ती वेगळी बैठक. शेवटी एकटा %, %४ असं अर्धवट, हेक्स नसलेली अक्षरं, %००, %०डी%०ए म्हणजे नवी ओळ (रिडायरेक्टच्या पत्त्यात हे आत शिरलं तर हेडर फोडता येतो), आणि यूटीएफ-८ चे बेकायदेशीर बाइट. शेवटच्याला हसू नको. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरच्या ४ आणि ५ आवृत्तीत हेच झालं, स्लॅश हा एका बाइटचा असताना तो ओढूनताणून दोन बाइटात %सी०%एएफ असा लिहिला, सर्व्हरने आधी "वरच्या फोल्डरमधे जातोय का" हे तपासलं, काही सापडलं नाही, आणि मग डिकोड केलं. पुढच्या वर्षीचा निम्डा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) शिरायला इतर वाटांबरोबर हे भोक पण वापरत होता. असे लांबवलेले बाइट डिकोडरने नाकारलेच पाहिजेत हे नोव्हेंबर २००३ च्या आरएफसी ३६२९ मधे स्वच्छ लिहिलंय. बरं हे जुनं म्हणावं तर ऑक्टोबर २०२१ ला अपाचे २.४.४९ मधे दोन टिंबांपैकी (पाथमधे दोन टिंबं म्हणजे वरचा फोल्डर) एक टिंब %२ई असं लिहून फोल्डरच्या बाहेर जाता यायचं. घाईने २.४.५० काढली, तर %%३२%६५ असं दोनदा गुंडाळलेलं टिंब त्यातूनही निसटलं, मग २.४.५१. म्हणजे जगातले मुरलेले लोक पण "किती वेळा उघडायचं" यावर त्याच आठवड्यात दोनदा अडखळले. तुझ्यासाठी यातली टेस्ट एवढीच, की तपासणी डिकोडच्या आधी होते का नंतर ते विचार, आणि तपासणीनंतर पुन्हा कोणी डिकोड करत नाही ना ते बघ.

बघायचं कसं, तर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही. ती तुला वाचायला सोपं म्हणून "पुणे" दाखवते आणि पाठवते %ई० वालं, शिवाय काही चिन्हं स्वतःच बदलते, उलटा स्लॅश तर सरळच करून टाकते. नेटवर्क टॅब उघड किंवा कर्ल (कमांड लिहून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) वापर. कर्लला पाथ-अ‍ॅज-इज हा पर्याय द्यायला विसरू नको नाहीतर दोन टिंबं तोच आधी साफ करतो आणि तू म्हणशील सर्व्हर सुरक्षित आहे. एन्जिनएक्सच्या लॉगमधे रिक्वेस्ट_यूआरआय आणि यूआरआय हे दोन्ही छापायला सांग, पहिला आलाय तसा असतो, दुसरा डिकोड केलेला, दोन्ही शेजारी दिसले की निम्मी भांडणं मिटतात. रँडम इनपुट हवं असेल तर पायथनला हायपोथेसिस आहे, तो असं काही काढतो जे आपल्याला सुचणार नाही. जावास्क्रिप्टमधे स्ट्रिंग मधेच कापली आणि इमोजीचा अर्धाच तुकडा उरला तर एन्कोड करतानाच एरर येते, तेही टाकून बघ. सही असलेल्या एपीआयला (जिथे रिक्वेस्टच्या मजकुरावरून काढलेला एक कोड तपासणीसाठी सोबत जातो) एक वेगळी नजर ठेव, %२एफ मधलं एफ मोठं की छोटं याने अर्थ बदलत नाही पण सही बदलते, डॉटनेटचा जुना एचटीटीपीयुटिलिटीवाला एन्कोडर छोटी अक्षरं देतो आणि समोरचा मोठी धरून सही काढत असतो. टिल्डाचं पण तसंच, १९९४ च्या जुन्या नियमात तो असुरक्षित होता, आताच्यात नाही, जावा अजून त्याचा %७ई करतो.

आता ती सुरुवातीची गंमत. मी वर सगळीकडे %२० लिहिलंय, मराठी दोन आणि मराठी शून्य. नियमाने हे काहीच नाही, हेक्स आकडे फक्त इंग्रजी चालतात, डिकोडरने याला हात लावता कामा नये. पण पायथनच्या इंटला "२०" दे आणि सोळाचा पाया सांग, तो बिनतक्रार ३२ देतो, म्हणजे स्पेस. जावाचा पार्सइंट पण देवनागरी आकडे मानतो. पायथनचा तयार अनकोट यात फसत नाही, पण तुमच्या कोणी टक्का शोधून पुढची दोन कॅरेक्टर इंटला दिली असतील, असा घरगुती डिकोडर मी दोनदा बघितलाय, तर तो मराठी २ आणि इंग्रजी एफ अशा %२एफ चा पण स्लॅश करेल, आणि पुढे बसलेला फिल्टर बिचारा इंग्रजी %२एफ शोधत राहील. डिकोडरच्या युनिट टेस्टमधे ही एक ओळ टाकायला पैसे लागत नाहीत.

आणि मग तुमच्या सर्व्हे नंबर नाहीतर फ्लॅट नंबरच्या फील्डमधे मराठी कीबोर्डवरून ४५/२/१ टाकून बघ. पायथनच्या रेगेक्समधला (मजकुराचा साचा तपासायची पद्धत) आकड्याचा नियम याला हो म्हणतो, जावास्क्रिप्टचा नंबर "२" ला नाही म्हणतो, डेटाबेसमधे इंग्रजी ४५ साठवलेला असतो. आमच्याकडे व्हॅलिडेशन पास झालं, लिंक पण शुद्ध बनली, पान उघडलं, आणि पानावर लिहिलं होतं "या नंबरची जमीन अस्तित्वात नाही". फोनवरचे आजोबा म्हणाले, अहो बाई, मी तिच्यावरच उभा आहे.